दुधाशिवाय दाटपणा येतो कुठून?

कच्चे पांढरे तीळ मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत वाटले की सैलसर, ओघळणारं वाटण मिळतं. त्यात चमचाभर पाणी घातलं तर ते पातळ व्हायला हवं. होतं मात्र उलटंच. वाटण आवळतं, त्याचा खडबडीत गोळा होतो. सॅलडवर घालायचं ड्रेसिंग बिघडलं असं समजून पुष्कळ जण इथेच थांबतात. तुम्ही थांबू नका. थोडं थोडं पाणी घालत फेटत राहा. गोळा सुटतो, रंग पांढुरका होतो आणि साईसारखं मऊ मिश्रण तयार होतं. दूध, दही, क्रीम काही नाही, गॅसही पेटवायचा नाही.

घडतं काय? तिळाच्या वजनात निम्म्याच्या आसपास तेल असतं. वाटणात हे तेल सलग पसरलेलं असतं आणि त्यात प्रथिनांचे, तंतूंचे कण तरंगत असतात. थोडंसं पाणी या कणांनाच चिकटतं, ओले कण एकमेकांना धरून बसतात. पाणी पुरेसं झालं की बाजू पालटते: आता पाणी सलग, आणि तेल त्यात बारीक थेंबांनी विखुरलेलं. हेच इमल्शन. थेंबांवर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून रंग पांढरा. दुधाचा पांढरेपणाही स्निग्धांशाच्या थेंबांमुळे आणि केसीन प्रथिनाच्या कणांमुळे असाच येतो.

त्यामुळे घरात कुणाला दूध सोसत नसेल, तर त्याने या मऊपणाला मुकायचं कारण नाही. थेंब बारीक हवेत आणि वेगळे राहायला हवेत, एवढीच अट आहे. तेलबियांनी ती आधीच पाळलेली असते. बीमधलं तेल मुळातच साधारण एका मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) थेंबांत साठवलेलं असतं आणि प्रत्येक थेंबाभोवती फॉस्फोलिपिड या स्निग्ध द्रव्याचं व ओलिओसिन प्रथिनाचं आवरण असतं. पाण्यात वाटल्यावर ते आवरण थेंबांना एकत्र येऊ देत नाही.

काजूत हे छान दिसतं. चार तास भिजवून आधी अगदी कमी पाण्यात वाटा, म्हणजे कण एकमेकांवर घासून बारीक होतात. उरलेलं पाणी नंतर. जाड कण राहिले तर जिभेला लगेच रवाळ लागतं. मात्र वाशीच्या मसाला मार्केटमधून आणलेले ‘कच्चे’ काजू खऱ्या अर्थाने कच्चे नसतात. टरफलातला दाहक चीक आवरण्यासाठी काजू बी वाफवून किंवा भाजूनच फोडतात. उन्हाळ्यात ठाण्यात मिळणारे ओले काजू तेवढे न तापवता सोललेले असतात. त्या चिकाने सोलणाऱ्यांची बोटं भाजतात, म्हणून ओल्या काजूंची किंमत मला कधीच जास्त वाटत नाही.

आता ड्रेसिंगला झणका आणणारी मोहरी. कायरसात घालतो तशी फेसूनच घ्या. दाणा पाण्यात चिरडला की त्यातलं मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) जागं होतं आणि झणका तयार करतं. लिंबाच्या आंबटपणाने त्याचं काम मंदावतं, तापलेल्या तेलात तर ते नष्टच होतं. फोडणीची मोहरी नाकात जात नाही ती त्यामुळे. तेव्हा आधी पाण्यात फेसायची, दहा मिनिटं ठेवायची, मग लिंबू पिळायचं. पिवळ्या मोहरीच्या सालीतला बुळबुळीत द्रव मिश्रण आणखी स्थिर ठेवतो.

शिजवलेलं नसल्यामुळे यातले जीवाणू मेलेले नसतात, आणि ठाण्याची दमट हवा त्यांना मानवते. काजू फ्रिजमध्येच भिजवावेत, ते पाणी फेकून द्यावं आणि ड्रेसिंग दोन दिवसांत संपवावं. लिंबामुळे जीवाणूंची वाढ मंदावते, पण लिंबू म्हणजे फ्रिज नव्हे. कच्चा लसूण घालणार असाल तर तो तेलात बुडवून बाहेर साठवू नका. तिथे हवा पोचत नाही आणि बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जीवाणू नेमके अशाच जागी वाढतात. नारळाच्या दुधाचं ड्रेसिंग केलंत, तर खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं हे लक्षात ठेवा. फ्रिजमधून काढल्यावर त्यात गुठळ्या दिसतील. थोडा वेळ बाहेर ठेवून पुन्हा फेटलं की ते सरळ होतं.