ताटलीत पेशी मेल्या, पुढे?

सांगलीत राहून हळदीबद्दल शंका काढायची म्हणजे जरा धाडसच. राजापुरी हळदीचे सौदे, हळद साठवायची हरिपूरची पेवं, २०१८ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन, सगळंच अभिमानाचं. त्यामुळे ‘हळदीने कॅन्सरच्या पेशी मारल्या’ ही बातमी मार्केट यार्डातून घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोचायला वेळ लागत नाही. बातमी बहुतेकदा खोटी नसते. फक्त पेशी कुठे मेल्या आणि किती हळदीत, हे तिच्यात नसतं.

मेल्या त्या प्लॅस्टिकच्या ताटलीत. हळकुंडांची पूड इथेनॉलमध्ये भिजवतात, गाळतात, इथेनॉल उडवून लावतात. तळाला चिकट, तांबूस-पिवळा अर्क उरतो. तो पाण्यात धड विरघळत नाही, म्हणून डीएमएसओ नावाच्या द्रावकात घेतात. आता हे द्रावक जास्त झालं तर तेही पेशी मारतं! म्हणून ताटलीतल्या काही खळग्यांत नुसतं डीएमएसओ घालून बघावंच लागतं.

पंजाएवढ्या या ताटलीत ९६ खळगे असतात. प्रत्येकात काही हजार पेशी, बऱ्याचदा ‘हेला’ जातीच्या. १९५१ साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या गाठीतून घेतलेल्या आणि अजून जगभर वाढत असलेल्या. ३७ अंशांच्या उबेत पेशी तळाला चिकटल्या की अर्काच्या चढत्या मात्रा घालतात आणि साधारण दोन दिवस थांबतात. मग एमटीटी हे पिवळं रसायन. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात, मेलेल्या करत नाहीत. स्फटिक विरघळवून रंग यंत्रावर मोजायचा. ज्या मात्रेला जांभळा रंग निम्म्यावर येतो, ती ‘आयसी-५०’. आकडा जितका लहान, तितका अर्क जहाल.

हळदीची खोड इथेच निघते. ती स्वतः पिवळी, रंगाच्या मोजणीत लुडबूड करणार. शिवाय वनस्पतींतली काही अँटिऑक्सिडंट द्रव्यं पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात. म्हणजे मेलेल्या पेशी यंत्राला जिवंत वाटू शकतात. त्यासाठी अर्क आहे पण पेशी नाहीत, असेही खळगे हवेत. घाईच्या प्रोजेक्टात गाळले जातात ते नेमके हेच. निरोगी पेशींवरची चाचणीही तशीच मागे पडते. ताटलीत फिनेल ओतलं तरी कॅन्सरच्या पेशी मरतातच की. शेजारच्या चांगल्या पेशी वाचल्या का, ते सांगा.

एवढं सगळं चोख केलं, तरी खरी अडचण रक्तात आहे. कर्क्युमिन हे हळदीतलं गाजलेलं द्रव्य. ताटलीत ते साधारण १० ते ५० मायक्रोमोलर (द्रावणात द्रव्य किती दाट आहे, ते मोजायचं एकक) मात्रेला पेशी मारतं. तैवानमध्ये रुग्णांना रोज ८ ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन देऊन पाहिलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रक्तातलं प्रमाण जेमतेम पावणेदोन मायक्रोमोलरपर्यंत चढलं. शंभर ग्रॅम हळदीत कर्क्युमिन साधारण तीन ग्रॅम. म्हणजे रोज पाव किलोहून जास्त हळद खाऊनही ताटलीतली मात्रा गाठता येत नाही.

वनस्पतींतून औषध निघतच नाही, असं मात्र नाही. सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन आलं, ते मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर आजही वापरतात. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरच्या पेशी मारणारं द्रव्य असतं. ते पहिल्यांदा वेगळं केलं १९६६ साली, चीनमधल्या एका झाडातून. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ मन्रो वॉल यांच्यासोबत हे काम करणारे मनसुख वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. पण तेही द्रव्य सुरुवातीला रुग्णांना झेपलं नाही, चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्याच्या रेणूत बदल करून केलेल्या टोपोटेकन या कॅन्सरच्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९६ साली. मध्ये तीस वर्षं गेली.

हळदीच्या कॅप्सूलमध्ये हल्ली मिरीतलं पाइपरीन घालतात. त्याने कर्क्युमिन रक्तात जास्त उतरतं, हे खरं. पण यकृत जी यंत्रणा वापरून परकी द्रव्यं मोडतं, तीच पाइपरीन मंदावतं, त्यामुळे इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण चढू शकतं. अशा कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. घरात कुणाची केमो चालू असेल आणि उशाशी ही डबी असेल, तर ती पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवा. आमटीतल्या चिमूटभर हळदीबद्दल विचारायची गरज नाही.