एक मिलिग्रॅम आणि कायद्यातली फट

मे २०२४ मध्ये स्कॉटलंडच्या एअरशायरमध्ये एका गाईला ‘मॅड काऊ’ रोग, म्हणजे बीएसई, झाल्याचं निष्पन्न झालं. अशी बातमी आली की ‘मांस नीट शिजवा, काही होत नाही’ हा सल्लाही येतोच. तो साफ चुकीचा आहे. हा रोग पसरवतं ते प्रायॉन नावाचं, चुकीची घडी पडलेलं प्रथिन. त्यात जिवंत असं काही नसतंच, मग शिजवून मारणार काय? म्हणून या रोगाला अडवायचं ते कायद्यानेच, आणि तेही मांस चुलीपर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधी.

प्रायॉनचं वागणं विलक्षण आहे. सस्तन प्राण्यांच्या चेतापेशींवर हे प्रथिन मुळात असतंच, योग्य घडीत. चुकीच्या घडीचा रेणू त्याला भिडला की तेही तशीच घडी घेतं, मग ते पुढच्याला बिघडवतं. मोरचुदाच्या संपृक्त द्रावणात बारीकसा खडा सोडला की त्याभोवती स्फटिक वाढत जातो, तसाच हा प्रकार. अमिनो आम्लांची साखळी तीच, फक्त घडी वेगळी, त्यामुळे प्रतिकारशक्तीला ते परकं वाटत नाही. ताप नाही, प्रतिपिंडं नाहीत. सरासरी पाच वर्षांनी गाय अडखळू लागते, तोवर मेंदूची स्पंजासारखी चाळण झालेली असते. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा तिच्यावर टीकेची झोड उठली. १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

ब्रिटनमध्ये हा रोग नोव्हेंबर १९८६ मध्ये ओळखला गेला. मेलेल्या जनावरांच्या अवशेषांपासून केलेली मांस-हाडांची भुकटी गुरांच्या खाद्यात जात होती आणि संसर्ग तिच्यातून येत होता. जुलै १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना अशा जनावरांपासून मिळालेली प्रथिनं खाऊ घालायला बंदी आली. निदान अचूक होतं. तरीही बंदीनंतर जन्मलेल्या ४० हजारांहून अधिक गुरांना रोग झाला!

फट होती पशुखाद्याच्या गिरणीत. डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात भुकटी चालूच होती. त्याच यंत्रात आधी कोंबड्यांचं खाद्य मिसळायचं, मग दुभत्या गाईंचं; कोपऱ्यात, नळ्यांत थोडी भुकटी उरायचीच. एवढ्याशा अंशाने काय होणार, असं तेव्हा धरून चालले होते. पुढे प्रयोगात पंधरा वासरांना बाधित मेंदूचा प्रत्येकी एक मिलिग्रॅम तोंडावाटे दिला, तर त्यातलं एक आजारी पडलं. एक मिलिग्रॅम! चिमटीतही धरता येणार नाही.

जानेवारी १९९३ मध्ये आठवड्याला सुमारे हजार नवी गुरं आजारी पडत होती. मार्च १९९६ मध्ये माणसांतल्या नव्या मेंदूविकाराशी याचा संबंध असावा, असं सरकारने संसदेत सांगितलं. त्यानंतर सस्तन प्राण्यांची भुकटी सगळ्याच पाळीव पशूंच्या खाद्यातून हद्दपार झाली आणि ऑगस्टपासून ती गोठ्यात किंवा गिरणीत नुसती बाळगणंही गुन्हा ठरलं. मला हे कलम फार मोलाचं वाटतं. कोणत्या गाईने कधी काय खाल्लं, हे निरीक्षक सिद्ध करू शकत नाही. कोठारातलं पोतं मात्र तो दाखवू शकतो.

कत्तलखान्यात दुसरी फळी होती. नोव्हेंबर १९८९ पासून मेंदू, मज्जारज्जू, प्लीहा वगैरे अवयव माणसांच्या अन्नातून वगळायचे होते. पण मज्जारज्जूचे तुकडे कण्याला चिकटून राहत आणि तोच कणा यंत्राने दाबून मांसाचा लगदा काढला जाई. त्यावर बंदी यायला डिसेंबर १९९५ उजाडला.

‘गाईला मांस चारलं, निसर्गाने सूड घेतला’ असंही बोललं जातं. अशी भुकटी त्याआधी कित्येक दशकं गुरांना चारली जात होती. सुडाच्या गोष्टीने गिरणीतली नळी नजरेआड होते आणि दोष कुणाचाच राहत नाही.

एअरशायरची गाय वेगळ्या, तुरळक प्रकारची होती. हा प्रकार बहुधा म्हाताऱ्या गुरांत, बाधित खाद्याशिवाय, आपोआप उद्भवतो असं मानतात. म्हणजे पहिली ठिणगी कुठेही पडू शकते. ती खाद्यसाखळीत शिरू द्यायची नाही, एवढंच आपल्या हाती आहे. युरोपीय संघाने २०२१ मध्ये डुकरांची प्रथिनं कोंबड्यांना आणि कोंबड्यांची डुकरांना द्यायला परवानगी दिली, तीही उत्पादन वेगवेगळं ठेवण्याच्या कडक अटींवर. रवंथ करणाऱ्यांची प्रथिनं रवंथ करणाऱ्यांना देण्यावरची बंदी मात्र त्यांनी हलवली नाही.