अपोलो ८ : वळसा की प्रदक्षिणा?

रशियन पुढे जातील या धास्तीने अमेरिकेने डिसेंबर १९६८ मध्ये तीन अंतराळवीरांचे अपोलो ८ हे यान घाईघाईत चंद्राकडे धाडले, असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. गोंधळ बराचसा शब्दाचा आहे. ‘चंद्रप्रदक्षिणा’ म्हणताना आपण दोन अगदी वेगळी उड्डाणे एकाच पिशवीत टाकतो.

वळसा म्हणजे चंद्रामागून एकदाच फिरून परत येणे. मार्ग नीट साधलेला असेल तर चंद्राचे गुरुत्वच यानाला पृथ्वीकडे वळवते. तिथे मोठे इंजिन पेटवावे लागत नाही. प्रदक्षिणेसाठी चंद्राच्या कक्षेत शिरायचे तर चंद्राआड, रेडिओसंपर्क तुटलेला असताना, इंजिन चालवून वेग कमी करावा लागतो. अपोलो ८ मध्ये हे ज्वलन ४ मिनिटांहून थोडे जास्त चालले. परतीला तेच इंजिन पेटले नसते तर तिघे तिथेच अडकले असते. चंद्रावर उतरणारे यान, म्हणजे लूनर मॉड्यूल, सोबत नव्हते, म्हणजे त्याचे राखीव इंजिनही नव्हते.

सोव्हिएत बाजूलाही कार्यक्रम दोन होते. प्रोटॉन अग्निबाणावरचे साडेपाच टनांच्या आतबाहेरचे झोंड यान केवळ वळशासाठी होते. चंद्रावर उतरण्यासाठी होता एन-१ हा महाकाय अग्निबाण : उंची सुमारे १०५ मीटर, पहिल्या टप्प्यात ३० इंजिने. बैकानूर या सोव्हिएत प्रक्षेपण केंद्रातले त्याचे बांधकाम अमेरिकी टेहळणी उपग्रह काही वर्षे टिपत होते. डिसेंबर १९६७ मध्ये प्रक्षेपण पॅडवर उभा अग्निबाणही दिसला. प्रत्यक्षात ती प्रतिकृती होती. फोटोतून आकार कळतो, तयारी कळेलच असे नाही. पहिला टप्पा तर जमिनीवर अखंड पेटवून कधी तपासलाच गेला नाही.

४ एप्रिल १९६८ च्या अमेरिकी गुप्तचर अंदाजाने दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या. उतरणे १९७१ च्या उत्तरार्धाआधी नाही, १९७२ अधिक संभाव्य. माणसांसह वळसा मात्र १९६८ च्या उत्तरार्धातही शक्य, जरी १९६९ अधिक संभाव्य. म्हणजे उतरण्याबाबत दिलासा, वळशाबाबत टांगती तलवार. योगायोगाने त्याच दिवशी अपोलोच्या सॅटर्न ५ या अग्निबाणाच्या दुसऱ्या चाचणीत दुसऱ्या टप्प्याची दोन इंजिने मध्येच बंद पडली आणि तिसरा टप्पा पुन्हा पेटलाच नाही.

जूनमध्ये फ्लोरिडाला पोहोचलेल्या लूनर मॉड्यूलमध्ये शंभरावर दोष निघाले. ते डिसेंबरपर्यंत उडणार नव्हते. त्याच्याशिवायच चंद्रावर जाण्याचा प्रस्ताव ९ ऑगस्टला पुढे आला. झोंड ५ चंद्रामागून गेले १८ सप्टेंबरला, सुमारे १,९५० किलोमीटरवरून. त्यामुळे ‘झोंड ५ पाहून निर्णय झाला’ हे तारखांनाच मान्य नाही. (कासवे घेऊन गेलेले हे यान हिंदी महासागरात उतरले आणि ३ ऑक्टोबरला जहाजाने मुंबईत आणून विमानाने मॉस्कोला नेले.) मात्र झोंडने प्रस्तावाला बळ दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. अंतिम निर्णय १२ नोव्हेंबरला जाहीर झाला. झोंड ६ पृथ्वीवर परतताना आदळून फुटले ते १७ ला.

घाईचे श्रेय गुप्त माहितीला जरूर द्यावे, पण वळशाऐवजी प्रदक्षिणा निवडण्याचे नाही. रशियनांना मागे टाकायला नुसता वळसाही पुरला असता. अमेरिकनांना हवे होते ते सुमारे ११० किलोमीटर उंचीवरून यानाचा माग काढणे, कारण चंद्राचे गुरुत्व सगळीकडे सारखे नाही आणि त्याने कक्षेचे गणित बिघडते. उतरण्याआधी ते जमायलाच हवे होते. म्हणूनच अपोलो ८ ने २० तासांत १० फेऱ्या मारल्या.