एफएक्सओ की एफएक्सएस? कॉम्प्युटरमध्ये टेलिफोन कार्ड बसवण्याआधी

गुहागरकडच्या एका लॉजवर मे महिन्यात मी चार पोर्टचं टेलिफोन कार्ड बसवलं. बाहेरच्या दोन लाइनी आणि आतले दोन फोन एका कॉम्प्युटरवर घ्यायचे होते, सॉफ्टवेअर अ‍ॅस्टरिस्क, म्हणजे कॉम्प्युटरलाच टेलिफोन एक्सचेंज बनवणारं. कार्डाच्या मागे चार सॉकेट, चारही आरजे-11, दिसायला अगदी एकसारखे. प्रत्येक पोर्टामागे कार्डावर एक छोटं मॉड्यूल असतं, आणि हिरवं मॉड्यूल आतल्या फोनसाठीचं. घाईत मी बाहेरची एक लाइन हिरव्या मॉड्यूलच्या पोर्टात खोचली. पहिली रिंग आली आणि ते मॉड्यूल कायमचं गेलं. ऐन हंगामात मालकांना आठवडाभर एका फोनवर भागवावं लागलं, ते मला अजून बोचतं.

एफएक्सओ आणि एफएक्सएस ही पोर्टाच्या दोन प्रकारांची नावं कानाला जुळी वाटतात, म्हणून पाठ करून उपयोग होत नाही. एकच प्रश्न विचारायचा: तारेवर वीज कोण देतंय?

एफएक्सएस पोर्ट वीज देतो. साधा फोन त्याला जोडला की सुमारे 48 व्होल्ट डीसी, डायल टोन आणि वेळ आली की रिंग, हे सगळं तो पुरवतो. म्हणजे खोलीतल्या फोनसाठी तोच एक्सचेंज असतो. एफएक्सओ पोर्ट वीज घेतो. तो एक्सचेंजसमोर फोनसारखा वागतो: रिंग ओळखतो, लाइन उचलतो, ठेवतो. त्यामुळे बाहेरून आलेली लाइन एफएक्सओमध्ये आणि घरातला फोन एफएक्सएसमध्ये.

देणारा देणाऱ्याला जोडला तर एकाच पाइपला समोरासमोर दोन पंप लावल्यासारखं होतं. एक्सचेंजची रिंग 75 ते 90 व्होल्टच्या आसपास, तीही एसी. ती एफएक्सएसच्या तोंडावर आदळली की मॉड्यूल जळू शकतं. उलट चूक त्या मानाने निरुपद्रवी: फोन एफएक्सओमध्ये लावला तर तो नुसता मुका राहतो.

डिजियम कंपनीच्या टीडीएम400पी या जुन्या कार्डावर लाल मॉड्यूल एफएक्सओ आणि हिरवं एफएक्सएस. पण दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर रंगाच्या भरवशावर राहू नका. वायर हातात घ्या, तिला दहा वर्षं जुना साधा फोन लावा. रिसीव्हर उचलल्यावर डायल टोन आला तर त्या वायरीच्या पलीकडे देणारा आहे, ती एफएक्सओत जाणार. मल्टीमीटर असेल तर डीसीवर ठेवून मोजा: चालू लाइनवर 48 च्या जवळपास आकडा दिसतो, रिसीव्हर उचलला की तो दहाच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. कार्डाचा पोर्ट मोजायचा असेल तर आधी ड्रायव्हर चालू हवा, नाहीतर एफएक्सएससुद्धा शून्य दाखवेल.

सेटिंग करताना आणखी एक गोंधळ होतो. दाहदीच्या (अ‍ॅस्टरिस्कसाठी कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या) फाइलमध्ये एफएक्सओ पोर्टाला एफएक्सएस सिग्नलिंग लिहावं लागतं आणि एफएक्सएसला एफएक्सओ. ही छपाईची चूक नाही. पोर्टाचं नाव तो स्वतः काय आहे त्यावरून पडतं, सिग्नलिंगचं नाव समोर कोण आहे त्यावरून. फाइल पाहून वायरी बदलू नका, अनेकांचं कार्ड तिथेच जातं.

आता प्रत्यक्ष बसवणं. सगळ्यात आधी भिंतीतून टेलिफोनची वायर काढा, कॅबिनेट नंतर उघडा. कॉम्प्युटर बंद असला तरी लाइनवर वीज असतेच, आणि तुमचा हात कार्डावर असताना रिंग आली तर झटका बसतो. मग शटडाउन, भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद, एसएमपीएसची (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याची) कॉर्ड बाहेर. नुसतं शटडाउन केल्यावर मदरबोर्डावर 5 व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा राहतो. कॉर्ड काढल्यावर पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून घ्या आणि कार्ड कडेने धरा. आपल्या दमट हवेत स्टॅटिक कमी जाणवतं खरं, पण एसीच्या केबिनमध्ये ती हवा नसते. सोनेरी पट्टीवर बोट लावायचं नाही. खारट हवेने ती काळवंडली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॉलिश पेपर कधीही नाही. कार्ड सरळ दाबून बसवा आणि स्क्रू आवळा.

टीडीएम400पीमध्ये हिरवी मॉड्यूलं असतील तर एसएमपीएसचा चार पिनांचा कनेक्टर कार्डाला द्यावाच लागतो, कारण फोनला लागणारी वीज तिथूनच येते. तो राहिला की बाहेरच्या लाइनी चालतात आणि आतले फोन गप्प. अशा वेळी लोक वायरिंग उकलत बसतात.

आपल्याकडे विजांचा धोका मात्र मोठा. वळीव आणि परतीच्या पावसात तांब्याची लाइन वीज थेट कार्डापर्यंत आणते. लाइनीवर प्रोटेक्टर लावा, पण तो अर्थिंगला जोडलेला असेल तरच काम करतो. कातळावर घर असेल तर उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहा. लाइन फायबरची असली तर तारेतून वीज येत नाही. ओएनटीचा (घरात बसवलेल्या फायबरच्या डब्याचा) फोन पोर्ट स्वतःच एफएक्सएस असतो, त्याची वायर कार्डाच्या एफएक्सओत जाते. मात्र ओएनटीचा अ‍ॅडॅप्टर बोर्डात असतो, तेव्हा गडगडाट सुरू झाला की तोही काढून ठेवा.