थंबनेल (संगणकीय चित्रदर्शकातील)

संगणकाच्या फोल्डरमधील छायाचित्रांच्या छोट्या प्रती पडद्यावर ओळीने मांडून त्यांतून हवे ते चित्र शोधण्याची सोय. छोट्या प्रतीवर क्लिक केले की मूळ छायाचित्र उघडते.

या पद्धतीचे मूळ सामान्यतः डार्करूममधील कॉन्टॅक्ट शीटमध्ये शोधले जाते. निगेटिव्हच्या पट्ट्या थेट कागदावर ठेवून काढलेल्या या प्रतीवर सबंध रोल एका नजरेत येई. मांडणीपुरते हे साम्य मान्य करता येते. पण तेथे चित्र निगेटिव्हच्याच मापाचे उमटते, लहान प्रत वेगळी तयार करून जपावी लागत नाही. त्या दृष्टीने कोडॅकची फोटो सीडी (१९९२) अधिक जवळची वाटते. तीत एकच छायाचित्र १२८ × १९२ पासून २०४८ × ३०७२ पिक्सेलपर्यंत पाच मापांत साठवलेले असे.

युनिक्स संगणकांवर जॉन ब्रॅडली यांच्या ‘एक्सव्ही’ या चित्रदर्शकाने १९९३ च्या सुमारास ‘व्हिज्युअल श्नाउझर’ ही थंबनेलची खिडकी आणली. तिच्या प्रती जास्तीत जास्त ८० × ६० पिक्सेलच्या असत आणि प्रत्येक पिक्सेलला एकच बाइट मिळे: लाल व हिरव्या रंगाला तीन-तीन बिट, निळ्याला दोन. म्हणजे एका प्रतीचे चित्र ४,८०० बाइटांत मावे. या प्रती प्रत्येक फोल्डरातच एका लपलेल्या उपफोल्डरात राहत. पुढे ‘गिंप’ या चित्रसंपादन प्रणालीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनीही हीच रीत उचलली.

जेपेग चित्राची लहान प्रत झटपट निघते, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. चित्र ८ × ८ पिक्सेलच्या चौकटींत विभागलेले असते आणि प्रत्येक चौकट काही आकड्यांच्या (गुणांकांच्या) रूपात साठवलेली असते; त्यांतील पहिला गुणांक तिच्या सरासरी तेजाचा व रंगाचा निदर्शक असतो. तेवढेच गुणांक घेतले, तर ४००० × ३००० चे छायाचित्र ५०० × ३७५ चे होऊन हाती येते. उरलेले बरेचसे गणित वाचते. डिजिटल कॅमेरे याहून सोपी वाट देतात. एक्झिफ नोंदींबरोबर (कॅमेऱ्याने छायाचित्राविषयी फाइलीत लिहिलेल्या माहितीबरोबर) १६० × १२० ची तयार प्रत फाइलीतच असते. सेन्सरचे प्रमाण ३:२ असल्यास या प्रतीच्या वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात; चांगले चित्रदर्शक त्या छाटून टाकतात.

प्रती ठेवायच्या कोठे, याबाबत दोन परंपरा आहेत. विंडोज एक्सपी प्रत्येक फोल्डरात ‘थंब्ज डॉट डीबी’ ही फाइल ठेवी. त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टापासून वापरकर्त्यागणिक एकत्र साठा आला. लिनक्सवरील फ्रीडेस्कटॉप या सामाईक संकेत ठरवणाऱ्या प्रकल्पाच्या संकेतानुसारही प्रती अशाच एकत्र साठ्यात, पीएनजी स्वरूपात, मुख्यतः १२८ व २५६ पिक्सेलच्या मापांत ठेवतात. फाइलीचे नाव मूळ चित्राच्या पूर्ण पत्त्यावरून एमडी५ पद्धतीने (कोणत्याही मजकुरापासून ठरावीक लांबीची खूण काढणाऱ्या गणिताने) काढतात. मूळ फाइल बदलल्याची वेळही प्रतीत नोंदलेली असल्याने शिळी प्रत ओळखता येते. एकत्र साठ्याची पद्धत निश्चितच अधिक नेटकी आहे, कारण सीडीसारख्या केवळ वाचता येणाऱ्या माध्यमावरील चित्रांनाही ती चालते. फोल्डरचे नाव बदलले की मात्र पत्ता बदलतो; सर्व प्रती नव्याने कराव्या लागतात आणि जुन्या बेवारस पडून राहतात.

मूळ छायाचित्र पुसल्यावरही साठ्यातील प्रत शिल्लक राहू शकते, म्हणून न्यायवैद्यक तपासात या साठ्यांची तपासणी होते. कापून छोट्या केलेल्या छायाचित्रात एक्झिफमधील जुनी प्रत तशीच राहिली, तर कापलेला भागही तीत दिसतो. छायाचित्र दुसऱ्याला देण्यापूर्वी ही प्रत काढून किंवा नव्याने करून घेणे आवश्यक असते.