तीन ते सहा: शाळा सुटल्यानंतरच्या सरकारी पैशाची गोष्ट

अमेरिकेत शाळा साधारण तीनच्या सुमारास सुटते आणि नोकरी करणारे आईबाप सहाच्या आत क्वचितच घरी पोचतात. मधल्या तीन तासांत मूल कुठे असावं आणि त्याचा खर्च कोणी उचलावा, याचं उत्तर तिथे अजून पक्कं ठरलेलं नाही. पैसे मंजूर करताना दर वेळी नवं कारण पुढे आलं. पैसे काढून घ्यायची वेळ आली तेव्हा बोट ठेवलं गेलं तेही त्या कारणावरच.

सुरुवात धर्मादाय होती. जेन अॅडम्स आणि एलेन स्टार यांनी १८८९ मध्ये शिकागोत सुरू केलेल्या हल हाउससारख्या संस्था स्थलांतरित कामगारांच्या मुलांना दुपारी सांभाळत. केंद्राचा पैसा खऱ्या अर्थाने आला तो दुसऱ्या महायुद्धात. बायका कारखान्यांत गेल्या, म्हणून लॅनहॅम कायद्याखाली पाळणाघरं निघाली आणि शाळकरी मुलांचीही सोय झाली. युद्ध संपलं, १९४६ मध्ये निधीही संपला. आया मात्र कामावर जातच राहिल्या. कॅलिफोर्नियाने तेवढी आपली केंद्रं राज्याच्या खर्चाने चालू ठेवली.

आजची मुख्य केंद्रीय योजना १९९४ ची: ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी कम्युनिटी लर्निंग सेंटर्स’. सिनेटर जिम जेफर्ड्स आणि प्रतिनिधी स्टीव्ह गंडरसन यांची मूळ कल्पना साधी होती. लोकांच्या करातून बांधलेल्या शाळा दुपारनंतर आणि उन्हाळाभर कुलूपबंद राहतात, त्या गावासाठी उघडा. पहिल्या वर्षी जेमतेम साडेसात लाख डॉलर मिळाले. मग अल्पवयीनांचे गुन्हे शाळेच्या दिवशी दुपारी तीननंतर वाढतात, ही आकडेवारी गाजली. १९९६ च्या कायद्याने सरकारी मदतीवरच्या आयांना कामाची सक्ती केली होतीच. क्लिंटन सरकारने हा विषय उचलून धरला. १९९८ मध्ये ४ कोटी डॉलर असलेली तरतूद २००२ मध्ये १०० कोटींवर गेली.

त्याच २००२ मध्ये बुश यांच्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने निधीवाटप राज्यांकडे सोपवलं आणि भर अभ्यासावर दिला. आता गुण वाढले पाहिजेत, ही अपेक्षा आली. २००३ च्या सुरुवातीला या केंद्रांची पाहणी करणाऱ्या मॅथेमॅटिका या संशोधन संस्थेचा अहवाल आला. अभ्यासातली प्रगती फारशी दिसत नाही, असं त्यात होतं. त्याचा आधार घेऊन सरकारने तरतूद ६० कोटींवर आणायचा प्रस्ताव मांडला. मुलांच्या सुरक्षिततेसाठी उभी राहिलेली केंद्रं अशी एकदम परीक्षेच्या गुणांवर तोलणं मला आजही अन्यायाचं वाटतं. सिनेटच्या समितीपुढे या निधीची बाजू मांडायला आले अर्नोल्ड श्वार्झनेगर, अभिनेते, तेव्हा अजून कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर न झालेले. कपात टळली.

श्वार्झनेगर यांच्याच पुढाकाराने कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर २००२ मध्ये ‘प्रपोझिशन ४९’ हा जनमताला टाकलेला प्रस्ताव मंजूर केला होता. शाळेनंतरच्या केंद्रांना वर्षाला ५५ कोटी डॉलरची हमी, पण राज्याचा महसूल पुरेसा वाढल्यावरच. म्हणून प्रत्यक्ष पैसा आला २००६-०७ मध्ये. केंद्र शाळेच्या प्रत्येक दिवशी सहापर्यंत उघडं हवं, वीस मुलांमागे एक मोठं माणूस हवं, आणि राज्य देणार एका मुलामागे दिवसाला साडेसात डॉलर. २००७ मध्ये राज्यातलं किमान वेतनही तासाला साडेसात डॉलरच होतं. पुढच्या दहा वर्षांत ते साडेदहावर गेलं आणि दर होता तिथेच राहिला. तो वाढला २०१७ मध्ये, ८.१९ डॉलरपर्यंत. कायद्यात हमी लिहिली की प्रश्न सुटला, असं मानणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

उन्हाळी वर्गांची वाट वेगळी. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कार्ल अलेक्झांडर आणि डोरिस एंटविसल यांनी १९८२ पासून बाल्टिमोरच्या मुलांचा मागोवा घेतला. गरीब मुलं शाळेच्या महिन्यांत इतरांच्या बरोबरीने शिकतात आणि उन्हाळ्यात मागे पडतात, असं त्यांना आढळलं. उन्हाळी वर्गांची मागणी बरीचशी यावर उभी राहिली. पुढच्या संशोधकांना मात्र ही दरी इतकी ठळक दिसली नाही. मोठा पैसा आला तो कोविडनंतर. मार्च २०२१ च्या कायद्याने शाळांना दिलेल्या सुमारे १२,२०० कोटी डॉलरपैकी राज्यांनी किमान एक टक्का उन्हाळी वर्गांवर आणि एक टक्का शाळेनंतरच्या उपक्रमांवर खर्चायचा होता. हा निधी मुदतीचा होता. तो कशावर खर्चायचा, हे सप्टेंबर २०२४ पर्यंत करारांनी पक्कं करायचं होतं.

१९९४ च्या मूळ केंद्रीय योजनेवर २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने पुन्हा घाव घातला. उपयोग होतो याचा पुरावा नाही, असं सांगून ती बंद करण्याचा प्रस्ताव आला. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, तो मानला नाही, उलट तरतूद वाढवली. २०२५ मध्ये मात्र मंजूर झालेला निधीच १ जुलैला अडवला गेला. या योजनेचे सुमारे १३० कोटी डॉलर त्यात होते. अनेक जिल्ह्यांत शाळा ऑगस्टमध्ये सुरू होतात. माणसं नेमायची, बस ठरवायची आणि पालकांना होकार द्यायचा तो जुलैतच. सत्ताधारी पक्षाच्याही सिनेटरांनी पत्र लिहिलं आणि १८ जुलैला या योजनेचा पैसा सोडण्याचा निर्णय झाला. पुढच्या वर्षासाठीचा सरकारचा प्रस्ताव मात्र ही योजना इतर अनेक योजनांबरोबर एकाच एकत्रित अनुदानात मिसळायचा होता. तसं झालं, तर शाळेनंतरच्या तासांसाठी राखून ठेवलेला केंद्राचा वेगळा पैसा उरणार नाही, आणि त्यातून किती द्यायचं हे ज्या त्या राज्याच्या मर्जीवर राहील.