‘नुसती तारीख पडली, मग फी कसली?’ : वादातल्या घटस्फोटाची फी समजून घेताना

शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात आमच्यामार्फत ज्यांचा दावा चालू आहे, त्यांच्यासाठी हे पत्रक. शीर्षकातला प्रश्न आम्हाला जवळजवळ रोज ऐकू येतो.

आमच्या फीचे दोन भाग आहेत. अर्ज किंवा कैफियत (समोरच्याच्या अर्जाला लेखी उत्तर), अंतरिम पोटगी (दावा चालू असतानाची), पुरावा व उलटतपास, आणि शेवटचा युक्तिवाद अशा टप्प्यांची फी वकीलपत्रावर सही करतानाच लेखी ठरते. हजेरीची फी वेगळी. तुमच्यासाठी तारीख दोन मिनिटांत संपते, पण पुकारा कधी होईल ते सांगता येत नाही. त्या वेळी कोणी उभं नसेल तर अर्ज निकाली निघू शकतो किंवा एकतर्फी हुकूम होऊ शकतो. म्हणून वकील सकाळपासून तिथेच असतो. आमच्या अडचणीमुळे तारीख पुढे गेली, तर तिची फी आम्ही लावत नाही.

सुरुवातीला घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे पूर्ण फी नव्हे. ती तुमच्या नावावर जमा राहते आणि कामाप्रमाणे वळती होते. दर महिन्याला हिशेब मिळतो. टायपिंग, नोटरी, बेलिफ (नोटीस बजावणारा न्यायालयाचा कर्मचारी) हा खर्च त्यात वेगळा दाखवलेला असतो. कौटुंबिक हिंसाचाराची किंवा फौजदारी तक्रार हे स्वतंत्र प्रकरण आहे, त्याची फीही स्वतंत्र.

आता मुख्य गोष्ट. रिकाम्या तारखांपैकी बऱ्याच आपल्याच बाजूने ओढवलेल्या असतात, आणि कारण एकच: उत्पन्न व मालमत्तेचं शपथपत्र. सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात ते दोन्ही बाजूंना बंधनकारक केलं. पक्षकार तारखेच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर चाळीस फोटो पाठवतात. पासबुकाचं अर्धं पान, पगारपत्रकाची एकच बाजू, आणि एखादं खातं सांगायचंच राहिलेलं. मग मुदत मागावी लागते. वारंवार मुदत घेणाऱ्याचा बचाव काढून टाकण्याचा, म्हणजे त्याचं म्हणणं विचारातच न घेण्याचा, अधिकार न्यायालयाला आहे. लपवलेलं खातं उलटतपासात निघालं, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. कृपया सर्व खात्यांचे तीन वर्षांचे उतारे, आयकर विवरणपत्रं, कर्जाचे हप्ते, विमा, भाडेकरार असं सगळं तारखेच्या दहा दिवस आधी, एका फाइलमध्ये, तारीखवार लावून आणा. हजेरीची फी वाचवण्याचा याहून सोपा मार्ग आम्हाला माहीत नाही.

‘पोटगी मिळाली की त्यातून टक्के घ्या’ असं काहीजण सुचवतात. बार कौन्सिलच्या नियमांनी ते निषिद्ध आहे. मात्र ज्याचं उत्पन्न अपुरं आहे, मग पती असो वा पत्नी, त्याला हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली दाव्याचा खर्च समोरच्याकडून मागता येतो. महिलांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. हे आम्ही पहिल्या भेटीतच सांगतो. वकील बदलायचा असेल तर फीसाठी आम्ही कागद अडवत नाही. तसं करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच सांगितलं आहे.

कागद कसे लावायचे ते उमगत नसेल, तर शनिवारी सकाळी सगळं पिशवीत भरून ऑफिसात या. आमच्या कारकून ताई शेजारी बसून लावून देतात, त्याची फी नाही.